दोन याद्या आणि एक फ्रीज

हॅरोमधल्या मराठी घरात गोड बातमी आली की महिन्याभरात तिथे दोन याद्या येऊन पोचतात. पहिली फोनवरून येते. पुण्याहून, नागपूरहून, नाहीतर सांगलीहून. पपई नको, अननस नको, तीळ बेतानं, वांगं नको, ग्रहणात सुरी हातात धरू नको, कच्चं दूध नको, शिळं तर अजिबात नको. दुसरी यादी मिडवाईफ देते. मिडवाईफ म्हणजे आपली सुईणच, पण विद्यापीठाची पदवी घेतलेली. सरळसाध्या बाळंतपणात इथे डॉक्टर क्वचितच दिसतो, सगळा कारभार हिच्याच हातात. तिच्या यादीत सुरुवातीलाच असतं: ब्री नको, कॅमेम्बर्ट नको, निळ्या बुरशीचं चीज शिजवल्याशिवाय नको, पाटे कुठल्याही प्रकारचा नको, न तापवलेलं दूध नको.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी ही यादी आली तेव्हा मी ती आईला फोनवर वाचून दाखवली. 'पाटे' ऐकल्यावर तिच्या डोळ्यापुढे पाटा-वरवंटाच उभा राहिला. "अरे, पाट्यावर वाटलेलं नको म्हणतात की काय? मिक्सरमधलं चालतं ना?" मग तिला सांगितलं, की हा प्राण्याचं काळीज आणि मांस बारीक वाटून केलेला, पावाला लावायचा गोळा असतो. "शी!" एवढं बोलून तिनं तो विषय संपवला.

इथली बहुतेक मराठी घरं ही यादी वाचून असंच काहीसं म्हणतात. ब्री कधी घरात आलेलं नसतं, पाटे कुणी बघितलेला नसतो, निम्म्या घरांत मांस शिजत नाही. यातलं आपण काहीच खात नाही, म्हणजे आपण आपोआप पास! यादी फाईलमध्ये जाते आणि फाईल कपाटात. पण ती यादी ज्या जिवाणूसाठी केली आहे, त्याला चीज आणि पनीर यांतला फरक कळत नाही. म्हणून आज जरा त्याच्याविषयी लिहितो.

नाव लिस्टरचं, कारभार भलत्याचाच

ह्या जिवाणूचं नाव लिस्टेरिया मोनोसायटोजिनस. १९२६ साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेत पाळलेले ससे आणि गिनीपिग मरायला लागले, त्यांच्या तपासात मरे, वेब आणि स्वान ह्या तिघांना तो सापडला. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत पिरी नावाच्या संशोधकाला तो रानउंदरांत सापडला आणि त्यानं जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांच्या सन्मानार्थ नाव ठेवलं. गंमत म्हणजे लिस्टरसाहेब १९१२ मध्येच वारले होते, ह्या जिवाणूशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. चूळ भरायच्या लिस्टरिनलाही त्यांचंच नाव आहे. जन्मभर जंतू मारण्यात घालवले आणि शेवटी एक जंतूच नावावर चढला.

हा जिवाणू मातीत असतो, शेणखतात असतो, गाईगुरांच्या पोटात असतो, नाल्याच्या पाण्यात असतो. म्हणजे भाजीपाल्यावर आणि दुधात तो येणारच. धडधाकट माणसाच्या पोटात गेला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, फार तर दोन दिवस पोट बिघडतं. पण गरोदर बाईला तो जडण्याची शक्यता इतर लोकांच्या साधारण दहा पट धरतात. तिला स्वतःलाही फार काही होत नाही. थोडा ताप, अंग दुखतं, पाठ भरून येते, कधी जुलाब. फ्लू समजून चार दिवस अंगावर काढावा असा आजार. तेवढ्या वेळात जिवाणू रक्तातून वारेत पोचतो आणि तिथून बाळात. मग गर्भपात, किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, किंवा बाळ पोटातच जाणं, किंवा जन्मलेल्या बाळाच्या रक्तात नाहीतर मेंदूच्या आवरणात संसर्ग. ज्या गरोदर बायकांना हा आजार होतो त्यांच्यात चार-पाच जणींमागे एकीचं बाळ जातं.

एका पेशीतून दुसऱ्या पेशीत तो पोचतो कसा, हे १९८९ मध्ये टिल्नी आणि पोर्टनॉय ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं. लिस्टेरिया शरीराच्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीचंच एक प्रथिन वापरून स्वतःच्या मागे शेपटीसारखा झोत उभा करतो. त्या रेट्यानं थेट शेजारच्या पेशीत घुसतो. पेशीबाहेर उघड्यावर येतच नाही, त्यामुळे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत भिंत फोडून जाणारा चोर, अंगणात पहारा ठेवून काय उपयोग!

घाबरवण्याचा हेतू नाही, म्हणून हेही सांगतो की आजार दुर्मीळ आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला साधारण दीडशे ते दोनशे रुग्ण सापडतात, त्यातल्या वीस-तीस गरोदर बायका. वर्षाकाठी बाळं जन्मतात सहा लाखांच्या आसपास. पण त्या वीस-तीसांतल्या बऱ्याच जणींचं दुःख टाळता येण्यासारखं असतं, आणि त्यासाठी लागते ती थोडी माहिती. एवढ्यासाठी हा प्रपंच.

फ्रीजमध्ये वाढणारा पाहुणा

मी शिक्षणानं आणि पोटापाण्यानं रेफ्रिजरेशनवाला. इमारती आणि गोदामं थंड ठेवणं हा माझा धंदा. त्यामुळे ह्या जिवाणूची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली ती ही, की तो फ्रीजमध्ये वाढतो. पोट बिघडवणारे बाकीचे बहुतेक जिवाणू पाच अंशांखाली गप्प बसतात, म्हणून तर आपण अन्न फ्रीजमध्ये ठेवतो. लिस्टेरिया शून्याच्या आसपासही हळूहळू चालू असतो. त्याचे प्रतिस्पर्धी झोपलेले, समोर अन्न, आणि वेळच वेळ.

हिशोब करून बघा. पाच अंशाला त्याची संख्या दुप्पट व्हायला दिवसाच्या आसपास लागतो. दहा अंशाला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ. म्हणजे पाच अंशाच्या फ्रीजमध्ये एकाचे दहा दिवसांत हजारभर झाले, तर दहा अंशाच्या फ्रीजमध्ये तेवढ्याच दिवसांत दहा लाखांच्या पुढे. चक्रवाढ व्याजाचंच गणित. शिवाय अन्नाचा वास बदलत नाही, चव बदलत नाही, रंग बदलत नाही. "वास घेऊन बघ गं, चांगलं आहे ना" ही आपली पिढीजात परीक्षा इथे नापास.

मिडवाईफच्या यादीत ब्रीच का, दही का नाही, ह्याचं उत्तरही इथेच आहे. दही आंबट, त्या आंबटपणात लिस्टेरिया वाढत नाही. ब्रीच्या सालीवरची बुरशी चीजमधला आंबटपणा खाऊन टाकते, ओलावा भरपूर असतो, आणि ते आठवडे-आठवडे थंडीत पिकत ठेवतात. ओलं, बेआंबट, थंड आणि जुनं. हे चार शब्द लक्षात ठेवले तर यादी पाठ करायची गरज नाही. यादीत नसलेले पदार्थही तुम्हाला ओळखता येतील.

ती यादी आली कुठून

१९८१ पर्यंत हा आजार अन्नातून येतो की आणखी कशातून, ह्याबद्दल नुसते अंदाज होते. त्या वर्षी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांत ४१ जण आजारी पडले, त्यातल्या ३४ केसेस गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांच्या. मूळ निघालं कोलस्लॉमध्ये, म्हणजे कच्च्या कोबीच्या कोशिंबिरीत. कोबीच्या शेतकऱ्यानं मेंढ्यांचं खत घातलं होतं, त्याच्या मेंढ्या लिस्टेरियानं मेल्या होत्या, आणि कोबी हिवाळाभर थंड कोठारात पडून होता. शेणखत आणि थंडी, दोन्ही हजर.

मग १९८५ मध्ये लॉस एंजलिस. तिथल्या मेक्सिकन लोकांच्या स्वयंपाकात एक पांढरं, ताजं, न पिकवलेलं मऊ चीज असतं. आपल्या पनीरचा चुलतभाऊ म्हणा ना. एका कारखान्याच्या चीजमध्ये नीट न तापवलेलं दूध मिसळलं गेलं. १४२ जण आजारी, त्यात ९३ केसेस गरोदर बायका आणि बाळांच्या, आणि एकूण ४८ मृत्यू. ह्या ९३ मध्ये बहुतांश घरं स्पॅनिश बोलणाऱ्यांची होती. परक्या देशात घरची आठवण म्हणून आणलेला पदार्थ. हा भाग वाचताना माझ्या घशात आवंढा आला, कारण आमच्या गल्लीच्या टोकाचं दुकान मला दिसत होतं. तिथे आम्ही अशाच आठवणी विकत घेतो.

ब्रिटनची पाळी १९८७ ते १९८९ मध्ये आली. रुग्णांची संख्या साधारण दुप्पट झाली. शोधता शोधता बोट गेलं बेल्जियमहून येणाऱ्या पाटेकडे. तीनशेहून अधिक रुग्ण त्याच्याशी जोडले जातात. तो काळही कसा, तर १९८८ च्या डिसेंबरात आरोग्य खात्याच्या मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला असल्याचं विधान केलं आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला होता. अन्नाच्या बाबतीत सगळा देशच हबकलेला. १९८९ मध्ये सरकारनं गरोदर बायकांना मऊ बुरशीचं चीज आणि पाटे टाळायला सांगितलं, तो पाटे दुकानांतून गेला आणि रुग्ण झपाट्यानं कमी झाले. मिडवाईफची यादी मूळची ती. त्या वेळच्या ब्रिटिश जेवणाच्या टेबलावर काय होतं, ते पाहून लिहिलेली.

आता टेबल बदललं आहे. हॅरोच्या वस्तीत आज जवळजवळ निम्मे लोक आशियाई वंशाचे आहेत. केंटन, वील्डस्टोन, रेनर्स लेन, कुठेही जा, कोथिंबिरीच्या जुड्या, कढीपत्ता, पनीर आणि मोड आलेली मटकी मिळते. आणि २०१० मध्ये 'युरोसर्व्हेलन्स' ह्या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात २००१ ते २००८ मधले इंग्लंड आणि वेल्समधले लिस्टेरियाचे सगळे १,५१० रुग्ण तपासले होते. त्यातले १२ टक्के गरोदरपणाशी संबंधित. संशोधकांनी त्या बायकांची नावं पाहून अल्पसंख्य वांशिक गटातल्या कोण आणि बाकीच्या कोण अशी वर्गवारी केली. त्या आठ वर्षांत गरोदरपणातल्या केसेसमध्ये अल्पसंख्य गटांचा वाटा १६.७ टक्क्यांवरून ५७.९ टक्क्यांवर गेला होता. ह्यात पूर्व युरोपातल्याही आल्या, आफ्रिकेतल्याही, आणि आपल्यासारख्याही. अभ्यासाचा निष्कर्ष साधा होता: धोका कुणाला आहे ते बदललंय, तेव्हा सल्लाही त्या लोकांना समजेल अशा पद्धतीनं पोचवायला हवा.

"मग तुम्ही काय खाता?"

बायकोला सातवा महिना होता. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर बाळंतपणासाठी नुकत्याच आल्या होत्या. एका शनिवारी संध्याकाळी बायकोला कणकण वाटायला लागली. ३८.६ अंश. "अहो, म्हणजे एकशे एकच्या वर गेला की!" सासूबाईंनी मनातल्या मनात फॅरनहाइट करून सांगितलं आणि सुंठीचा काढा ठेवला. मी इस्पितळाच्या प्रसूती विभागाला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, झोपवून ठेवू नका, घेऊन या.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. बाळाच्या ठोक्यांचं यंत्र लावलं आणि कागद घेऊन प्रश्न सुरू केले. मऊ चीज? नाही. पाटे? नाही. स्मोक्ड सामन? आम्ही शाकाहारी. पाकिटातलं तयार सॅलड? नाही. सगळीकडे फुल्या पडल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग तुम्ही काय खाता?"

बायकोनं सांगायला सुरुवात केली. दुकानातलं पनीर, उरलेलं पाकीट फ्रीजमध्ये. कोथिंबिरीची चटणी, रविवारी केली की शुक्रवारपर्यंत. भेळेवर कच्ची मोडाची मटकी. कालची भाजी डब्यात, ऑफिसात मायक्रोवेव्हपुढे रांग असते म्हणून थंडच. श्रीखंड. वरून ओलं खोबरं, फ्रीजरमधलं. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. मध्येच 'चटणी शिजवतात का?' असं विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, गेल्या आठवड्याचंच आठवू नका, गेल्या दोन महिन्यांचं आठवा. गरोदरपणात हा आजार खाल्ल्यापासून कित्येक आठवड्यांनी उठू शकतो, सत्तर दिवसांपर्यंत. आपल्याला तर परवाची भाजी आठवत नाही!

दंडातून रक्त काढून कल्चरला पाठवलं. ह्या आजारात शौचाच्या तपासणीचा फारसा उपयोग नसतो, रक्तच बघावं लागतं. निकालाला दोन दिवस तरी लागणार होते, पण त्यांनी औषध तेव्हाच सुरू केलं. पेनिसिलिनच्या कुळातलं. त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटली: इतर अनेक संसर्गांत सर्रास दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन जातीची औषधं लिस्टेरियावर चालत नाहीत. म्हणजे डॉक्टरच्या मनात ह्या जिवाणूची शंका आली, तरच योग्य औषध मिळणार. आणि शंका येण्यासाठी रुग्णानं काय खाल्लं ते सांगावं लागणार.

ते दोन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. सोमवारी रात्री फोन आला, रक्तात काही वाढलेलं नाही. साधा फ्लूच निघाला. पुढे सगळं नीट पार पडलं.

दोन दिवसांत मी एकच उपयोगाचं काम केलं. कामावरचा तापमापक आणून एका पेल्यातल्या पाण्यात बुडवला, पेला रात्रभर फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवला आणि सकाळी पाहिलं. आठ अंश. दारातल्या कप्प्यात दहा. घर भाड्याचं, फ्रीज घरमालकाचा, दाराची रबरी पट्टी सैल. फ्रीजमधल्या गोल बटणावर १ ते ५ आकडे असतात, ते अंश नव्हेत. बहुतेक फ्रीजमध्ये आकडा जितका मोठा तितकी थंडी जास्त. 'पाचवर ठेवलाय' आणि 'पाच अंशाला ठेवलाय' ह्यात बरंच अंतर आहे. पट्टी बदलली, बटण फिरवलं, तेव्हा काटा चारवर आला.

आपल्या स्वयंपाकघराची यादी

त्यानंतर मी आपल्या पदार्थांची यादी करून ठेवली. इथल्या नव्या मराठी जोडप्यांना देतो. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ती घेणार नाही, पण त्यांना काय विचारायचं ते त्यावरून सुचेल.

१. पनीर पाश्चराइज्ड दुधाचं असेल तर इथल्या आरोग्यसेवेच्या यादीत चालणाऱ्यांत आहे. पण ते ओलं आणि बेआंबट, म्हणून पाकीट फोडल्यावर दोन दिवसांत संपवा आणि कच्चं न खाता रश्श्यात वाफ येईपर्यंत शिजवा. सुटं, कुठल्या दुधाचं ते माहीत नसलेलं पनीर घ्यायचंच झालं तर खळखळून शिजवूनच.

२. दही, ताक, आणि पाश्चराइज्ड दुधाच्या दह्याचा चक्का आंबट असल्यामुळे निर्धास्त. कच्चं दूध नको. खरवस नीट उकडलेला हवा.

३. उरलेलं अन्न एक-दोन तासांत निववून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा, आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करा. सत्तर अंशाला दोन मिनिटं राहिला तर लिस्टेरिया मरतो. कोमट केलं तर उपयोग नाही. भात मात्र दुसऱ्याच दिवशी संपवा, त्यात वेगळा जिवाणू असतो.

४. हिरवी चटणी लागेल तेवढीच, त्या दिवसापुरती. कोथिंबीर, काकडी, कोबी वाहत्या पाण्याखाली धुवून. कोशिंबीर आयत्या वेळी करायची.

५. कच्चे मोड नकोत. मटकी उसळ करूनच.

६. फ्रीजरमध्ये जिवाणू मरत नाही, नुसता थांबतो. २०१५ ते २०१८ दरम्यान युरोपात ४७ जण आजारी पडले आणि नऊ दगावले, त्यामागे गोठवलेले मक्याचे दाणे होते. म्हणून गोठवलेला मका, मटार, खोबरं वरून न भुरभुरता फोडणीत परतून घ्या.

७. कापून ठेवलेलं कलिंगड-खरबूज नको. २०११ मध्ये अमेरिकेत खरबुजांतून ३३ माणसं गेली. फळ आधी धुवा, मग कापा, लगेच खा.

८. मासे-मांस खाणाऱ्यांनी पूर्ण शिजवून खावं. न शिजवता खायची स्मोक्ड मासळी गरोदर बायकांनी टाळावी, असा सल्ला इथे २०२२ पासून आहे. उलट सिंहाच्या शिक्क्याची ब्रिटिश अंडी २०१७ पासून अर्धी कच्चीही चालतात. म्हणजे याद्या बदलतात, ताजी यादी बघत जा.

९. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. "मी गरोदर आहे" हे पहिलं वाक्य, "मी हे हे खाल्लंय" हे दुसरं.

डोहाळेजेवणाबद्दल वेगळं सांगायला हवं. इथे ते शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये असतं आणि प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो. दहीवडे एका गाडीतून, कोशिंबीर दुसऱ्या गाडीतून, अळूवडी कालच तळलेली. ओटी, फोटो, गाणी, पेढा की बर्फी, आणि जेवायला बसेपर्यंत तीन तास. मग जिच्यासाठी सगळं, तिलाच आग्रह करकरून भरवायचं! आमच्या मंडळींनी आता पद्धत पाडली आहे. उत्सवमूर्तीचं ताट आधी, गरम-गरम वाढायचं. फोटो नंतर. कुणालाही वाईट वाटलेलं नाही.

तिकडे काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं तुमच्या सायबाच्या देशातलं, आम्हाला काय त्याचं? भारतात हा आजार आहेच. गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेत डॉ. सुखदेव बारबुद्धे यांनी लिस्टेरियाच्या भारतीय नमुन्यांचा संग्रह उभा केला आहे. गर्भपात झालेल्या बायकांच्या नमुन्यांतही तो आपल्याकडच्या संशोधकांना सापडला आहे. नोंदी मात्र कमी होतात, कारण तापात किंवा गर्भपातानंतर रक्ताचं कल्चर करायची पद्धत सगळीकडे नाही. जे मोजत नाहीत ते दिसत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना नियम.

आजवर आपल्याला वाचवलं ते आपल्या स्वयंपाकघरानं. दूध आल्याबरोबर उतू जाईपर्यंत तापवायचं, भाजी शिजवूनच खायची, सकाळचं रात्री आणि रात्रीचं फार तर सकाळी. इथे मी पाश्चराइज्ड दूध तापवतो तेव्हा शेजारी हसतात, आणि ह्या दुधाला त्याची गरज नाही हे खरंच. पण गावाकडच्या सुट्या दुधाला आहे. आईच्या यादीतला पपई-अननस मिडवाईफच्या यादीत नाही. पिकलेली पपई इथे कुणी वर्ज्य सांगत नाही. ग्रहणाचं तर सोडूनच द्या. पण 'कच्चं दूध नको' आणि 'शिळं नको' ह्या दोन ओळी दोन्ही याद्यांत आहेत. कुणी सूक्ष्मदर्शक न बघता लिहिलेल्या.

अडचण अशी झाली की फ्रीज आला आणि 'शिळं' ह्या शब्दाचा अर्थच पातळ झाला. पूर्वी कालची आमटी शिळी होती, आता ती 'फ्रीजमधली' झाली. तिसऱ्या दिवशीची चटणी, पाचव्या दिवशीची भाजी, रविवारी मळलेली आठवड्याची कणीक, सगळं 'फ्रीजमधलं'. नोकरी करणाऱ्या घरात दुसरा इलाजही नसतो. आमच्याही घरी रविवारी आठवड्याचा स्वयंपाक होतो. त्यात भर म्हणून तिकडे दिवसाआड वीज जाते, फ्रीज दोन तास बंद, परत चालू, आणि दार उघडलं की थंड हवा लागते म्हणून आपण खूश. गरोदर बाईपुरतं तरी नऊ महिने 'शिळं' ह्या शब्दाचा जुना अर्थ परत आणावा, एवढंच माझं म्हणणं.

असो. वरची यादी उतरवून घ्या, नात्यात कुणाला दिवस गेले असतील तर पाठवा आणि फ्रीजच्या दारावर चिकटवा. चिकटवण्याआधी एक पेला पाणी आणि एक तापमापक रात्रभर त्याच फ्रीजमध्ये ठेवून सकाळी आकडा बघा. पाचच्या वर असेल तर आधी बटण फिरवा, मग यादी लावा.